‘मेड इन यूएसए’ : पान्यावर ठोकलेल्या तीन शब्दांचा इतिहास

१/ ३१ ऑक्टोबर २००८. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील डी विट हे सहाशेहून कमी वस्तीचे खेडे. त्या दिवशी तेथील एकमेव मोठा कारखाना बंद झाला आणि सुमारे ३३० कामगारांची नोकरी गेली. या कारखान्यात ‘व्हाइस-ग्रिप’ नावाची पक्कड बनत असे. एकदा आवळली की हात सोडला तरी वस्तू न सोडणारी ही पक्कड याच गावातल्या एका लोहाराने घडवली होती. उत्पादन चीनला गेले. नाव तेच राहिले, गाव मात्र बदलले.

२/ घरोघरी मोटार पोहोचवणाऱ्या देशातल्या मेकॅनिकला आज आपल्याच देशात बनलेला चांगला पाना शोधून काढावा लागतो. दुकानात अमेरिकन नावे भरपूर आहेत. त्यांतली कोणती वस्तू खरोखर अमेरिकेत घडली हे ओळखणे अवघड झाले आहे. ही वेळ का आली? स्वस्त मजुरी हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. ते पूर्ण समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागेल. आजचा थ्रेड त्यासाठी.

३/ प्रथम त्या शिक्क्याविषयी. वस्तूवर देशाचे नाव घालण्याची सक्ती अभिमानातून आलेली नाही. ती संशयातून आली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील स्वस्त चाकू-कात्र्यांवर इंग्लंडमधील शेफिल्डच्या कारागिरांच्या खुणांची नक्कल होऊ लागली. म्हणून ब्रिटनने १८८७ मध्ये ‘मर्चंडाइझ मार्क्स ॲक्ट’ केला. फसवी खूण चालणार नाही, माल परदेशी असेल तर तसे दिसले पाहिजे, असा त्याचा रोख होता. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द ग्राहकाला सावध करण्यासाठी होते. पुढील काही दशकांत जर्मन मालाचा दर्जा इतका सुधारला की तीच खूण प्रशस्तिपत्र ठरली.

४/ अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफ कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले. १९३० च्या टॅरिफ कायद्याने हा नियम अधिक पक्का झाला. पुढे पकडीसारख्या काही वस्तूंसाठी तर देशाचे नाव ठोकून, कोरून किंवा साच्यातच उमटवून घालावे असा खास नियम आला. कागदी चिठ्ठी चालत नाही. या नियमातला बारकावा ध्यानात घ्या. सक्ती आयात मालावर आहे. अमेरिकेत बनलेल्या पान्याला ‘मेड इन यूएसए’ म्हणण्याची सक्ती नाही. ती खूण उत्पादक स्वखुशीने ठोकतो, कारण तिला किंमत येते. आणि ज्या खुणेला किंमत येते, तिचा मोह सर्वांनाच होतो.

५/ आता अवजारांकडे वळू. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील लोरिंग कोझ याने एका पान्याचे पेटंट घेतले. पाना ज्या हाताने धरला आहे त्याच हाताच्या अंगठ्याने स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करता येई. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळी मात्र असा पाना ही निकड होती, कारण नट आणि बोल्ट यांना ठरलेले मापच नव्हते. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, नटाच्या बाजूही वेगळ्या. बदलते माप पेलणारा जबडा हाच एक उपाय होता.

६/ हे चित्र पालटले ते विल्यम सेलर्स या फिलाडेल्फियाच्या यंत्रउत्पादकामुळे. १८६४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे त्याने आट्यांची एकसमान पद्धत मांडली. आट्याचा कोन ६० अंश. बोल्टच्या जाडीनुसार नटाचे मापही ठरलेले. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्येच आपली पद्धत मांडली होती. सेलर्सची रचना साध्या कारखान्यातही करायला सोपी होती. मापे ठरली आणि ठरलेल्या मापाचा, न सरकणारा पाना बनवणे व्यवहार्य झाले. आपल्या गॅरेजमध्ये ‘दहा-अकरा दे’, ‘बारा-तेरा दे’ अशी हाक ऐकू येते, तिच्या मुळाशी असे प्रमाणीकरण आहे. आपली मापे मिलिमीटरमध्ये, त्यांची इंचाच्या अपूर्णांकांत, एवढाच फरक.

७/ एकाच मापाचे हजारो पाने हवेत तर ते हाताने घडवून भागत नाही. याचे उत्तर बंदुकांच्या कारखान्यांतून आले. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे कोल्टच्या कारखान्यात साच्यात ठोकून सुटे भाग घडवण्याची कला वाढली होती. त्याच परंपरेतले चार्ल्स बिलिंग्ज आणि ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी १८७० च्या आसपास हार्टफर्डमध्येच कंपनी उभारून बंदुकांच्या भागांबरोबर अवजारेही घडवायला घेतली. अमेरिकन पान्याचा उगम असा शस्त्रागाराच्या शेजारी आहे.

८/ या पद्धतीला ‘ड्रॉप फोर्जिंग’ म्हणतात. लालबुंद तापवलेला पोलादाचा तुकडा खालच्या साच्यावर ठेवतात. वरचा साचा बांधलेला अवजड घण उंचावरून त्यावर कोसळतो. काही ठोक्यांत तुकडा पान्याचा आकार घेतो. दोन साच्यांच्या फटीतून बाहेर आलेली पोलादाची झालर कापून टाकतात. नंतर घासकाम, मग कडक करण्यासाठी तापवून तेलात बुडवणे आणि पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढणे. ओतीव पान्यापेक्षा असा पाना बळकट असतो, कारण ठोक्याखाली पोलादाची अंतर्गत वीण पान्याच्या आकाराबरोबर वळते.

९/ यात सर्वांत महागडी वस्तू म्हणजे साचा. तो अतिशय कठीण पोलादात खोदावा लागतो, झिजतो आणि पुन्हा खोदावा लागतो. साचा खोदणारा कारागीर तयार व्हायला वर्षे जातात. उष्णतेचे गणित सांभाळणाऱ्याचेही तसेच. पान्याचा दर्जा या दोन माणसांच्या हातात असतो, आणि दुकानात पाना उचलणाऱ्याला ती दोघेही दिसत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. थ्रेडच्या शेवटी तिची गरज पडेल.

१०/ १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ आली. १९२७ पर्यंत तशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. या गाडीत व्हॅनेडियम मिसळलेले मजबूत पोलाद वापरले होते. पुढे क्रोम-व्हॅनेडियम पोलाद पान्यांतही आले. गाड्या वाढल्या तशी बिघाडांची संख्याही वाढली आणि मेकॅनिक हा नवा व्यवसाय गावोगावी उभा राहिला. त्याला लागणारी अवजारे लोहाराकडे नव्हती. नट अडचणीच्या जागी, हात वळायला वाव नाही, अशा ठिकाणी पोहोचेल असे काही त्याला हवे होते.

११/ १९२० मध्ये मिलवॉकी शहरातील जोसेफ जॉन्सन या तरुण व्यवस्थापकाला एक कल्पना सुचली. तोवर बहुतेक सॉकेट आणि दांडा एकसंध असत. जितकी मापे तितके पाने. जॉन्सनने सुचवले की सॉकेट वेगळे करावेत, दांडे वेगळे करावेत आणि हवे ते हव्या त्यावर ‘खट्’ करून बसवावे. पाच दांडे आणि दहा सॉकेट म्हणजे पन्नास पाने. मालकांनी कल्पना नाकारली. जॉन्सनने विल्यम सायडमन या सहकाऱ्यासह नमुना संच बनवला आणि स्वतःची कंपनी काढली. नाव ‘स्नॅप-ऑन’. घोषवाक्य, ‘पाच करतात पन्नासांचे काम’.

१२/ स्नॅप-ऑनचा खरा शोध विक्रीचा होता. विक्रेता दुकानात बसून राहिला नाही. तो गॅरेजमध्ये जाऊन मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत अवजार चालवून दाखवी. मंदीच्या काळात कंपनीने हप्त्यांनी माल दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रेत्याची गाडी हेच फिरते दुकान झाले. ठरलेल्या दिवशी ती गॅरेजच्या दारात उभी राही. मोडलेला पाना दाखवला की तो बदलून मिळे. तक्रार ऐकणारा माणूस दर आठवड्याला समोर उभा असल्याने दर्जाशी तडजोड करणे कंपनीला परवडणारे नव्हते.

१३/ येथे अमेरिकेतील एक प्रथा समजून घ्यायला हवी. आपल्याकडे गॅरेजमधील अवजारे बहुधा मालकाची असतात. अमेरिकेत मेकॅनिक आपली अवजारे स्वतः विकत घेतो. नोकरी बदलली की चाकांची भलीमोठी पेटी घेऊन निघतो. वर्षानुवर्षे हप्ते फेडून जमवलेली ती त्याची मिळकत असते. त्यामुळे पान्याच्या दर्जाविषयी त्याचा आग्रह हा हौशीचा भाग नाही. जबडा रुंदावला तर नटाचे कोपरे झिजतात, हात सटकून सालटे निघते, तासाभराचे काम दिवसावर जाते. तोटा त्याच्याच खिशाला बसतो.

१४/ ज्यांना स्नॅप-ऑन परवडत नव्हते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. १९२७ मध्ये ‘सिअर्स’ या विशाल विक्रीसंस्थेने ‘क्राफ्ट्समन’ हे नाव एका छोट्या कंपनीकडून अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतले. पुढे या नावाच्या हातअवजारांना जन्मभराची हमी मिळाली. पावती नको, कारण नको. तुटलेला पाना आणा, नवा घेऊन जा. शेतकरी, गॅरेजवाला, घरी गाडी दुरुस्त करणारा बाप, सर्वांच्या पेटीत क्राफ्ट्समन दिसू लागले. वडिलांचा पाना मुलाने बदलून आणावा इतका हा विश्वास होता.

१५/ मौज अशी की सिअर्सने स्वतः पाना घडवला नाही. तिने तो घडवून घेतला. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डची मूर ड्रॉप फोर्जिंग ही त्यांतली एक मोठी उत्पादक. अशा पान्यांवर ‘क्राफ्ट्समन’ या ठळक नावाजवळ ‘व्ही’ हे इवलेसे अक्षर आढळते. संग्राहक आज अशा अक्षरांवरून पाना कोणी आणि साधारण कोणत्या काळात घडवला ते सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाने नाण्यावरील टांकसाळीची खूण वाचावी तसाच हा प्रकार. मोठे नाव विक्रेत्याचे, लहान अक्षर घडवणाऱ्याचे. या दोहोंमधील अंतर पुढे महागात पडणार होते.

१६/ हमीचे अर्थशास्त्र पाहू. पाना तुटला की खर्च सिअर्सचा. म्हणून सिअर्स उत्पादकाकडून चांगल्या पोलादाचा आग्रह धरी. हमी ही अशी दर्जाची राखणदार होती. पण हे गणित एका अटीवर चालते: बदलून देण्याचा खर्च जाणवण्याइतका मोठा हवा. उद्या पाना इतका स्वस्त मिळू लागला की चार तुटले तरी फरक पडू नये, तर तीच हमी दर्जाला सोडचिठ्ठी द्यायला मोकळीक देते. हमीपत्रावरील शब्द तेच राहतात. त्यांचे काम उलटते.

१७/ आता डी विटच्या लोहाराकडे. विल्यम पीटरसन मूळचा डेन्मार्कचा. लोखंड घडवताना एका हाताने तुकडा घट्ट धरून ठेवणारे काही हवे, ही त्याची रोजची अडचण. १९२४ मध्ये त्याने आवळून अडकणाऱ्या पकडीचे पेटंट घेतले. सुरुवातीला तो स्वतः आसपासच्या शेतकऱ्यांना आणि मेकॅनिकना ती विकत फिरे. १९३८ मध्ये डी विट येथे कारखाना उभा राहिला. पुढची सत्तर वर्षे त्या खेड्याचे अर्थकारण एका पकडीभोवती फिरले.

१८/ अमेरिकन अवजारांच्या इतिहासात असे स्थलांतरित पदोपदी भेटतात. शिकागोत मथायस क्लाइन या जर्मन स्थलांतरिताच्या भट्टीवर १८५७ मध्ये तारखात्यातील एक कामगार मोडकी पक्कड घेऊन आल्याची कथा त्याची कंपनी सांगते. क्लाइनने मोडलेला अर्धा भाग नवा घडवून जोडला. काही काळाने दुसरा अर्धाही मोडला. तोही त्याने घडवला. अशी पहिली पूर्ण क्लाइन पक्कड तयार झाली. न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउनचा ‘क्रेसेंट’ पाना १९०७ मध्ये कार्ल पीटरसन या स्वीडिश माणसाने आणला. तो घाट मुळात योहान पेटर योहान्सन या स्वीडिश संशोधकाच्या १८९२ मधील पान्याचा. ‘स्वदेशी’ वस्तूच्या पोटात किती देश असतात याचे हे नमुने.

१९/ राज्यसंस्थेनेही यात भाग घेतला. मार्च १९३३ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, ‘बाय अमेरिकन ॲक्ट’ संमत झाला. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य मिळाले. १९४१ मध्ये लष्करासाठी अधिक कडक तरतूद आली. तिला ‘बेरी अमेंडमेंट’ म्हणतात. सैनिकांचे अन्न आणि कपडे देशीच असावेत हा तिचा मूळ हेतू. पुढे तिच्या यादीत हातअवजारे आणि मोजमापाची साधनेही आली आणि ती आजही आहेत. ज्या थोड्या अमेरिकन कारखान्यांची भट्टी अद्याप पेटते, त्यांना या तरतुदीचा आधार आहे.

२०/ सारा दोष परदेशी स्पर्धेवर टाकण्यापूर्वी एक खटला पाहा. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील गार्डनर येथे सिअर्सच्या दुकानात पीटर रॉबर्ट्स हा अठरा वर्षांचा मुलगा विक्रेता होता. त्याने फावल्या वेळात असे रॅचेट बनवले की बटण दाबताच सॉकेट सुटे व्हावे. तेलकट हातांनी सॉकेट ओढून काढण्याचा त्रास संपला. १९६५ मध्ये त्याला पेटंट मिळाले. सिअर्सने हक्क विकत घेतले. नगामागे दोन सेंट, कमाल १०,००० डॉलर. शोधाला फारशी किंमत नाही असे त्याला भासवले गेले.

२१/ प्रत्यक्षात ते रॅचेट लाखोंनी खपले. १९६९ मध्ये रॉबर्ट्स न्यायालयात गेला. १९७७ मध्ये ज्युरीने त्याला दहा लाख डॉलर देवविले, पण अपिले आणि फेरसुनावण्या चालूच राहिल्या. शेवटी १९८९ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. अठरा वर्षांचा मुलगा तोवर चाळिशी ओलांडून गेला होता. पाना अमेरिकन, शोधक अमेरिकन, विक्रेता अमेरिकन; तरीही घडवणाऱ्याला न्याय मिळायला वीस वर्षे लागली. वस्तू देशात बनली म्हणजे तिच्याशी संबंधित प्रत्येकाशी नीट वागले गेले, असे सिद्ध होत नाही.

२२/ दरम्यान जग बदलत होते. युद्धोत्तर जपानची अवजारे आली, नंतर तैवानची. तैवानमधील ताइचुंग परिसरात फोर्जिंग, घासकाम, मुलामा यांचे शेकडो लहान कारखाने शेजारीशेजारी वाढले. आरंभीचा माल सुमार होता. पण अमेरिकन कंपन्यांनीच आपली मापे, आपल्या अटी आणि मोठ्या मागण्या तेथे नेल्या आणि काही दशकांत तेथील वरच्या दर्जाचा पाना अमेरिकन पान्याच्या तोडीचा झाला. ‘मेड इन जर्मनी’ची कथा पुन्हा घडली. त्यानंतर चीन. ‘परदेशी म्हणजे वाईट’ हे समीकरण इतिहासाने दोनदा खोडून काढले आहे.

२३/ मग तो शिक्का? ‘मेड इन यूएसए’ बिनशर्त म्हणायचे तर वस्तू ‘संपूर्णपणे किंवा जवळजवळ संपूर्णपणे’ अमेरिकेत घडलेली हवी, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा निकष आहे. परदेशी सुटे भाग येथे जुळवून भागत नाही. २००६ मध्ये स्टॅनली वर्क्स या मोठ्या कंपनीने काही रॅचेटबाबतच्या अशा दाव्यांवरून २,०५,००० डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. १८८७ मध्ये फसव्या खुणांविरुद्ध केलेला कायदा आठवा. सव्वाशे वर्षांनी वाद तोच होता. या वेळी वादातली खूण स्वतःच्याच देशाची होती.

२४/ २०१० नंतरच्या वर्षांत क्राफ्ट्समनच्या पान्यांचे मोठे उत्पादन चीनकडे सरकले. ठळक नाव विक्रेत्याचे असल्याने लहान अक्षर बदलणे सोपे होते. जन्मभराची हमी कायम होती. फक्त जुना अमेरिकन पाना देऊन बदली मिळणारा पाना दुसऱ्या देशाचा असे, आणि जुने ग्राहक तुटका पानाच घरी ठेवू लागले. २०१७ मध्ये डबघाईला आलेल्या सिअर्सने क्राफ्ट्समन हे नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला सुमारे ९० कोटी डॉलरना विकले. नव्वद वर्षांपूर्वी ५०० डॉलरना घेतलेले ते नाव.

२५/ नव्या मालकाने धाडस केले. २०१९ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे क्राफ्ट्समनचे पाने, रॅचेट आणि सॉकेट पुन्हा अमेरिकेत बनवण्यासाठी सुमारे ९ कोटी डॉलरच्या कारखान्याची घोषणा झाली. सुमारे ५०० रोजगार मिळणार होते. स्वयंचलित यंत्रे मजुरीतला फरक भरून काढतील असा हिशेब होता. पण यंत्रे अपेक्षेप्रमाणे चालली नाहीत, ठरलेले उत्पादन झाले नाही आणि मार्च २०२३ मध्ये कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. भांडवल होते, नाव होते, बाजारपेठ होती. साचा आणि उष्णता सांभाळणाऱ्या पिढीची सलगता तेवढी तुटलेली होती.

२६/ डी विटमध्येही असाच प्रयत्न झाला. २०१७ मध्ये माल्को या मिनेसोटाच्या कंपनीने जुना कारखाना घेतला आणि ‘ईगल ग्रिप’ नावाने अडकणारी पक्कड पुन्हा तेथे बनू लागली. व्हाइस-ग्रिप घडवलेले काही जुने हात तेथे परतले. हा प्रयोग दीर्घकाळ टिकला नाही. २०२२ मध्ये माल्कोने तो बंद करायचे ठरवले. पक्कड उत्तम होती. पण त्याच आकाराची आयात पक्कड निम्म्याहून कमी किमतीत शेजारच्या खुंटीवर टांगलेली असताना उत्तम असणे पुरेसे होत नाही.

२७/ मग टिकले कोण? पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथील ‘चॅनललॉक’. १८८६ मध्ये जॉर्ज डिआर्मेंट या लोहाराने सुरू केलेला हा व्यवसाय अजून त्याच घराण्याकडे आहे. ओहायोतील बार्बरटन येथील ‘राइट टूल’, १९२७ पासून. ‘क्लाइन’, आणि बहुतांश हातअवजारांच्या बाबतीत ‘स्नॅप-ऑन’. यांच्यात एक साम्य दिसते. विकणारे नाव आणि घडवणारा हात यांच्यात फारकत झालेली नाही. मोडलेला पाना जिथे परत येतो, तिथेच त्याचा साचाही आहे.

२८/ आपल्याकडे काय? पहिल्या महायुद्धात आयात आटल्यावर भारताला आपले औद्योगिक परावलंबन जाणवले आणि १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाने त्याची नोंद केली. स्वातंत्र्यानंतर जालंधर, लुधियाना, नागौर ही अवजारांची केंद्रे वाढली. जालंधरला १९८३ मध्ये हातअवजारांसाठी केंद्रीय संस्था निघाली. महाराष्ट्रात ‘तापडिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पान्या-पकडींचे उत्पादन १९६९ मध्ये स्वीडिश तंत्रसाहाय्याने सुरू झाले, कारखाना नाशिकला. योहान्सनचा देश पुन्हा एकदा शिक्षक झाला. आज भारतीय पाने अमेरिकेतही विकले जातात. तेथील मेकॅनिक ज्या ‘परदेशी’ मालाविषयी तक्रार करतो, त्यात आपलाही वाटा आहे.

२९/ म्हणून या इतिहासाकडे केवळ अमेरिकेची शोकांतिका म्हणून पाहू नये. तो उद्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. कारखाना दोन वर्षांत उभारता येतो; साचा खोदणारा कारागीर दोन वर्षांत उभा राहत नाही. ती विद्या एका पिढीकडून दुसरीकडे रोजच्या कामातूनच जाते आणि एक पिढी रिकामी गेली की पैशाने परत येत नाही. ‘स्वदेशी’ या शब्दाचे वजन शिक्क्यापेक्षा या विद्येवर अधिक अवलंबून आहे.

३०/ शेवटी, मित्रहो, एक छोटा अभ्यास. घरातला किंवा ओळखीच्या गॅरेजमधला एखादा जुना पाना हातात घ्या. मोठे नाव वाचून थांबू नका. देशाचे नाव आहे का, पेटंट क्रमांक आहे का, एखादे अनाकलनीय लहान अक्षर आहे का, ते पाहा. कडेला साच्याच्या झालरीची पुसट रेघ शोधा. जबड्याची आतली बाजू झिजली आहे की अजून सरळ आहे, तेही बघा. त्या पान्याचे छायाचित्र खाली प्रतिसादात टाका. तो कुठे आणि कोणी घडवला असावा, हे आपण मिळून शोधू.